तुमचे प्रश्न : पिल्लाचं पहिलं नाटक

सुट्ट्या जवळ आल्या की या सदरात नाटकाबद्दलची पत्रं यायला लागतात, आणि यंदा तर जरा जास्तच आलीयत. बहुतेकांचा प्रश्न एकच, पोराला पहिल्यांदा नाटकाला न्यायचंय, काय तयारी करू. मी बरीच वर्षं मुलांची नाट्यशिबिरं घेते त्यामुळे हा माझ्या अगदी जिव्हाळ्याचा विषय आहे, म्हणून यावेळी सगळी जागा यालाच देतेय.

प्रश्न : ताई नमस्कार. आमची लेक सव्वाचार वर्षांची आहे. सासूबाईंनी हौसेनं सावित्रीबाई फुले नाट्यगृहातल्या एका बालनाट्याची तिकिटं काढलीयत, आमच्या चौघांची. नाटकात चेटकीण आहे. लेक अंधाराला घाबरते, मिक्सर लावला तरी कानावर हात ठेवते. मागे मॉलमध्ये पिक्चरला नेलं होतं तर दहा मिनिटांत रडून रडून बाहेर आणावं लागलं. मिस्टर म्हणतात जरा मोठी होऊ दे, सासूबाई म्हणतात आम्ही कडेवर पोरं घेऊन नाटकं बघितली, काही होत नाही. मी मधल्या मधे अडकलेय. न्यावं का? आणि न्यायचं तर तिला आधी काय काय सांगू?
(एक आई, डोंबिवली)

उत्तर : न्या. नक्की न्या. फक्त आठवडाभर आधीपासून थोडी थोडी तयारी करा, आणि ती तयारी म्हणजे "तिथे बोलायचं नाही, उठायचं नाही, रडायचं नाही" ही यादी नव्हे. ही यादी ऐकून मूल घरूनच टेन्शन घेऊन निघतं.

पिक्चरला रडली म्हणजे नाटकालाही रडेल असं धरून चालू नका. मल्टिप्लेक्समध्ये आवाज चहूबाजूंनी अंगावर येतो, समोरचं तोंड भिंतीएवढं मोठं, आणि ते कुठून येतंय ते चार वर्षांच्या मुलाला कळतच नाही. नाटकात माणूस माणसाएवढाच असतो. तो डावीकडून येतो, उजवीकडे जातो, त्याच्या पायांचा आवाज येतो, धावला तर दमतो. लहान मुलाला हे सगळं समजतं, कारण घरातली माणसंही अशीच वागतात.

आणि माझ्या मते मुलाला नाटकाबद्दल सांगण्यासारखी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे, की ती माणसं खरी आहेत, आत्ता तिथे आहेत, आणि त्यांना आपण दिसतो, ऐकू येतो. टीव्हीतल्या माणसाला आपण हसलो काय आणि घरभर ओरडत फिरलो काय, काही कळत नाही. आजकालच्या मुलांनी जन्मापासून फक्त अशीच माणसं बघितलीयत जी त्यांना बघू शकत नाहीत. त्यामुळे लेकीला सांगा, तू हसलीस ना की स्टेजवरच्या काकांना ऐकू येतं, त्यांना मजा वाटते. तू टाळ्या वाजवल्यास की त्यांना कळतं. आपण खूप गप्पा मारल्या तर त्यांना पुढचं वाक्य बोलताना त्रास होतो. हे एवढं एक डोक्यात बसलं की गप्प का बसायचं हे वेगळं शिकवावं लागत नाही, आणि चेटकिणीची भीतीही निम्मी उतरते कारण मग ती चेटकीण म्हणजे कुणीतरी नोकरीला जातं तसं कामावर आलेलं माणूस होतं.

आता चेटकीण. गोष्ट आधी सांगा. पूर्ण सांगा, शेवटासकट. मोठ्यांना वाटतं की सगळं सांगितलं तर मजा जाईल, पण या वयाच्या मुलांचं उलटं असतं, त्यांना तीच गोष्ट पन्नास वेळा हवी असते आणि पुढे काय होणार हे माहीत असण्यातच त्यांचा अर्धा आनंद असतो. चेटकीण येणार, ओरडणार, आणि शेवटी तिची फजिती होणार, हे लेकीला माहीत असेल तर ती आल्यावर लेक आजीला कोपरानं ढोसून सांगेल, "आता बघ हं काय होतं."

शिवाय चेटकीण म्हणजे मेकअप केलेलं माणूस हे तिला दाखवा. 'अलबत्या गलबत्या'मधली चेटकीण आधी दिलीप प्रभावळकरांनी केली होती आणि नव्या संचात वैभव मांगले करायला लागले, म्हणजे दोन्ही वेळेला लुगडं नेसून, विग लावून एक काकाच उभे होते. तुम्ही ज्या नाटकाला जाताय त्यातल्या कलाकाराचा साधा फोटो आणि मेकअपमधला फोटो दोन्ही मोबाईलवर शेजारी शेजारी दाखवा. बहुतेक बालनाट्यांचे फोटो जाहिरातीत असतातच. आणि एक दिवस घरी बाबांना बसवून लेकीच्या हातानं त्यांचं तोंड रंगवू द्या, कपाळावर काजळाच्या दोन रेघा, नाकाला लाल गंध, डोक्याला आईची ओढणी. मग बाबांना आवाज बदलून बोलायला सांगा, आणि मग लेकीच्याच हातानं ते पुसून टाका. हे पुसणं फार महत्त्वाचं, मुलं रंगवण्यापेक्षा पुसताना जास्त निरखून बघतात, खालून बाबा निघतायत याची त्यांना खात्री करून घ्यायची असते.

अंधाराचं असं, की घाबरवणारी गोष्ट अंधार नसते, अचानक झालेला अंधार असते. म्हणून घरी नाटकाचा खेळ करा. दोन खुर्च्यांवर चादर टाकून पडदा करा, देवघरातली घंटा घ्या. पहिली घंटा, म्हणजे लोक अजून बाहेर वडा खातायत. दुसरी घंटा, म्हणजे जागेवर जाऊन बसा. तिसरी घंटा झाली की दिवे हळूहळू जाणार. दिवा बंद करा, तिचा हात धरा, दोघी मिळून दहापर्यंत आकडे म्हणा आणि टॉर्च लावून पडदा उघडा. पहिल्यांदा तुम्ही नाटक करा, ती प्रेक्षक. मग ती करेल आणि तुम्ही प्रेक्षक. तिची पाळी असताना मधेच एकदा फोन हातात घ्या आणि तिच्याकडे लक्ष देऊ नका, बघा ती कशी चिडते ते. "आई, इकडे बघ ना!" तेव्हा फक्त एवढं म्हणा की स्टेजवरच्या काकांनाही असंच वाटतं. यापुढे काही समजवायची गरज उरत नाही.

प्रयोगात सीन बदलताना मधे मधे पूर्ण काळोख होतो, तेही सांगून ठेवा. "दिवे गेले की आतले दादा पळत पळत घर उचलून जंगल आणून ठेवतात" एवढं सांगितलं की ती काळोखात घाबरायच्या ऐवजी ते दादा दिसतात का म्हणून डोळे ताणून बसेल. आणि थोडे दिसतातही.

आवाजाचं मात्र मी गंभीरपणे घेईन. मिक्सरला कानावर हात ठेवणारं मूल नखरे करत नसतं, त्याला खरंच तो आवाज टोचतो. बालनाट्यात गाणी रेकॉर्डेड असतात आणि स्पीकर स्टेजच्या दोन्ही कडेला. म्हणून अगदी पुढच्या दोन-तीन रांगा आणि एकदम कडेच्या खुर्च्या नकोत. तिकिटं आधीच काढलीयत म्हणताय तर प्लॅनवर जागा कुठे आहे बघा, शक्य असेल तर बदलून मधल्या रांगांमधली, मधल्या पॅसेजला लागून घ्या. पुढे बसायचा मोह लहान मुलांच्या पालकांना फार होतो पण स्टेजवर सोडलेला धूर पुढेच येतो, आणि पात्रं प्रेक्षकांत उतरली की पहिल्या रांगेतल्यांच्या अंगावरूनच जातात. काही मुलांना तेच हवं असतं. तुमच्या लेकीला पहिल्या वेळी नको. कापसाचे बोळे किंवा कान झाकणारी टोपी पर्समध्ये ठेवा, एसीत टोपीचा तसाही उपयोग होतो.

अजून एक, हे कुणी सांगत नाही. नाट्यगृहातली खुर्ची घडीची असते आणि चार वर्षांच्या मुलाच्या वजनानं ती खाली राहत नाही. मूल मागे टेकलं की खुर्ची मिटते आणि ते मधे दुमडलं जातं, पाय वर, आणि आधीच अंधार, मग भोकाड. तिला पुढच्या कडेवर बसवा नाहीतर तुम्ही एक हात खुर्चीवर दाबून ठेवा, आणि समोर उंच माणूस आलं की सरळ मांडीवर घ्या. एक घडी केलेली शाल बरोबर असली तर खाली घालायलाही होते आणि पांघरायलाही.

प्रयोग दुपारचा असेल तर तिची झोपेची वेळ बघा, त्या दिवशी जेवण लवकर उरका आणि तासभर झोपवूनच निघा. बालनाट्याला रडणारी निम्मी मुलं घाबरलेली नसतात, पेंगुळलेली असतात. घंटेच्या आधी शू करून आणा कारण मध्यंतरात बायकांच्या बाथरूमची रांग बाहेरपर्यंत जाते. खाणं मध्यंतरात. आत पिशव्यांची कुरकुर नको.

आणि शेवटी सगळ्यात मोठं. तिला आधीच सांगून ठेवा की तुला नको वाटलं तर माझा हात दाब, आपण बाहेर जाऊ. आणि तिनं दाबला तर खरंच जा, लगेच, एकही शब्द न बोलता. बाहेर पाणी प्या, पोस्टर बघा, दाराच्या फटीतून आतलं गाणं ऐका आणि विचारा, "परत बघूया?" बरीच मुलं पाचच मिनिटांत स्वतःहून आत ओढतात. नाही ओढलं तर घरी या. तिकिटाचे पैसे गेले हे तिच्यासमोर काढू नका, "एवढी काय घाबरट" तर अजिबातच नको, आणि सासूबाईंना हे निघायच्या आधीच प्रेमानं सांगून ठेवा. त्यांची हौस खरी आहे हो. त्यांच्या पिढीनं बालनाट्याचा चांगला काळ बघितलाय, सुधा करमरकरांनी १९५९ साली 'लिटल थिएटर' ही बालनाट्यसंस्था सुरू केली, आणि मुलांचं नाटक म्हणून काहीतरी थातूरमातूर चालणार नाही, तेही मोठ्यांच्या नाटकाइतक्याच थाटात व्हायला हवं असा त्यांचा आग्रह होता. त्या काळी नाटक बघितलेली मुलं आज आजीआजोबा आहेत आणि तेच सगळ्यात उत्साहानं नातवंडांना घेऊन येतात. सासूबाईंना म्हणावं तुम्ही लहानपणी बघितलेल्या नाटकाची गोष्ट लेकीला आधी सांगा, तिची अर्धी तयारी तिथेच होईल.

नाटक सुटल्यावर चेटकिणीबरोबर फोटो काढायची झुंबड उडते. लेक नाही म्हणाली तर तिला पुढे ढकलू नका, लांबून टाटा पुरे. आणि घरी आल्यावर "काय शिकलीस नाटकातून?" हे विचारू नका, हात जोडून सांगते. ती स्वतःच दोन दिवसांनी ओढणी गुंडाळून चेटकीण होऊन फिरेल.

प्रश्न : माझा मुलगा साडेपाच वर्षांचा, प्रचंड बडबड्या. "हे खरं आहे का? तो काका कुठे गेला? आता काय होणार?" अखंड चालू असतं. एकदा शाळेच्या कार्यक्रमात मागच्या बाईंनी जोरात शुक् केलं तेव्हापासून मलाच त्याला कुठे न्यायची धास्ती. राजाराणी-राक्षस त्याला आवडतही नाहीत, "खोटं आहे" म्हणतो. पुण्यात राहतो आम्ही. काही सुचवाल?
(एक बाबा, कोथरूड)

उत्तर : बाबा स्वतः विचारतायत याचा मला फार आनंद झाला, पत्रं बहुतेक आयांचीच असतात.

तुम्ही पुण्यात आहात आणि पोराला राक्षस खोटे वाटतात, तर ग्रिप्सची नाटकं शोधा. ही मूळची जर्मनीतली, बर्लिनची चळवळ, आणि १९८०च्या दशकात मोहन आगाश्यांनी ती पुण्यात मराठीत आणली. यात राजाराणी नाहीत, पऱ्या नाहीत. घर, शाळा, भांडणं, आईबाबांचं न ऐकणं, न्याय-अन्याय असले मुलांच्या रोजच्या जगण्यातले विषय, आणि लहान मुलांची कामं मोठी माणसं करतात. पहिल्यांदा बघताना आपल्यालाच विचित्र वाटतं, दाढीची खुंटं असलेला माणूस हाफ पॅन्ट घालून "आई मला नाही जायचं" म्हणतोय, पण मुलं दोन मिनिटांत ते मान्य करून टाकतात. तुमच्या मुलासारख्या "खरं आहे का" विचारणाऱ्यांसाठी हे मला फार योग्य वाटतं, कारण त्याच्या प्रश्नांना तिथे खरंच उत्तरं मिळतात. फक्त त्या नाटकाचं वय विचारून घ्या, काही नाटकं आठ-नऊ वर्षांच्या पुढच्या मुलांनाच झेपतात.

बडबडीचं म्हणाल तर बालनाट्यात बोलणारं मूल हा दोष नाही. मुलांचं नाटक करणाऱ्या नटाला सगळ्यात जास्त भीती शांत प्रेक्षागृहाची वाटते. चेटकीण विचारते तो इकडे आला होता का रे, आणि सगळं थिएटर "नाहीईई" म्हणून ओरडतं, हा त्या नाटकाचाच भाग असतो, लिहिलेला असतो, बसवलेला असतो. म्हणून मुलाला सांगा की नाटकात दोन वेळा असतात. ते आपल्याला विचारतात तेव्हा जोरात ओरडायचं. ते एकमेकांशी बोलतात तेव्हा ऐकायचं, आणि काही विचारायचंच असेल तर बाबांच्या कानात. कानात बोलायची प्रॅक्टिस घरी करा, खरंच करा, कारण या वयाच्या मुलांना कुजबुजता येत नाही, ती फक्त आवाज घोगरा करतात आणि तेवढ्याच जोरात बोलतात. हात तोंडाशी धरून, ओठ कानाला टेकवून, नुसत्या हवेनं बोलायचं, रात्री झोपताना हा खेळ चांगला जमतो.

तुम्हीही उत्तर एका शब्दात द्या. "थांब, कळेल." आणि बाकीचे प्रश्न मध्यंतरासाठी राखून ठेवायचे असं ठरवा. मध्यंतरात मात्र मोबाईल बाहेर काढू नका, वडा घ्या आणि त्याचे सगळे प्रश्न ऐका. "तो काका कुठे गेला" हा तर उत्तम प्रश्न आहे! त्याला विंगेबद्दल सांगा, की तो तिथे काळ्या पडद्यामागे उभा राहून पाणी पितोय, कपडे बदलतोय, त्याच्या वाक्याची वाट बघतोय. प्रयोगानंतर विचारून बघा, बालनाट्यवाली मंडळी बहुतेक वेळा मुलांना स्टेजवर येऊन सेट बघू देतात. भिंत कापडाची आहे आणि झाड मागून बांबूवर उभं आहे हे बघितल्यावर "खोटं आहे" म्हणणारी मुलं निराश होत नाहीत, उलट कसं केलं कसं केलं म्हणून मागे लागतात.

मागच्या रांगेतल्या बाईंनी परत शुक् केलं तर हसून मान हलवा आणि मुलाच्या कानात उत्तर द्या. त्याच्यावर डाफरू नका. त्यांनीही तिकीट काढलंय हे खरं, पण ते मुलांचं नाटक आहे आणि तुमच्या मुलाचा तिथे पहिला हक्क आहे असं मला मनापासून वाटतं. मोठ्यांच्या नाटकाला मात्र हे लागू नाही, तिथे इतक्या लहान मुलाला नेऊच नका, त्याचेही हाल आणि नटांचेही.

प्रश्न : आम्ही कुडाळजवळच्या गावात राहतो. मुंबईचा नातू पाच वर्षांचा आहे, नाताळच्या सुट्टीत येणार आहे आणि तेव्हा देवळाची जत्रा आहे. त्याला दशावतार दाखवायची माझी फार इच्छा आहे, पण सून म्हणते रात्रभर जागरण आणि तो संकासूर राक्षस बघून पोर आजारी पडेल. दशावतार हे पहिलं नाटक म्हणून चालेल का?
(एक आजी, सिंधुदुर्ग)

उत्तर : आजी, न चालायला काय झालं! माझ्या मते तर पहिल्या नाटकाला याहून चांगली जागा नाही. थिएटरात मुलाला गप्प बसावं लागतं, काळोख असतो, दार बंद असतं. जत्रेत वरती आभाळ, बाजूला खाज्याची दुकानं, कंटाळा आला तर उठून फिरून यायचं, झोप आली तर आजीच्या मांडीवर तिथेच चटईवर झोपायचं आणि युद्धाला झांजा वाजायला लागल्या की उठून बसायचं. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या मुलं अशीच नाटक बघायला शिकली, त्यांना कुणी वेगळं शिकवलं नाही.

पण सूनबाईंचंही ऐका. रात्रभर बसवायचा हट्ट धरू नका. सुरुवातीचा गणपती, रिद्धी-सिद्धी एवढं बघितलं तरी पुष्कळ. संकासूर काळ्या कपड्यातला, लाल जीभ बाहेर काढलेला, आणि तो लोकांची मस्करीही करतो, मुंबईच्या मुलाला तो एकदम समोर आला तर नक्की दचकेल. त्याच्यावर उपाय दशावतारातच आहे. ही मंडळी आपापला मेकअप स्वतः करतात, देवळाच्या बाजूच्या पडवीत पेट्या उघडून आरशासमोर बसतात. तुम्ही गावच्या, तुमची ओळख असणार, संध्याकाळीच नातवाला घेऊन तिथे जा आणि लांबून, त्यांच्या कामात न येता, अर्धा तास बसा. रंग लावताना, भुवया काढताना, मिशीवाला माणूस मिशी काढून साडी नेसून राणी होताना त्याला बघू द्या. संकासूर होणाऱ्या नटाशी आधीच दोन शब्द बोलून ठेवा. त्यानं त्या काळ्या कपड्यात चढायच्या आधी नातवाला नुसतं "काय रे, कुठून इलंस" विचारलं ना, तरी रात्री तो समोर आल्यावर नातू सुनेला सांगेल की हे माझे ओळखीचे काका आहेत.

बसताना पेटी-पखवाजाच्या अगदी शेजारी नको, आवाज फार लागतो. स्वेटर, कानटोपी, पाण्याची बाटली घ्या. आणि सूनबाईंना बरोबर घेऊन जा, घरी ठेवू नका, तिनंही बहुधा कधी जवळून बघितला नसेल.

प्रश्न : मोठी मुलगी पाच वर्षांची, तिला बालनाट्याला न्यायचंय. धाकटा दीड वर्षाचा, त्याला घरी ठेवायला कुणी नाही. दोघांना घेऊन गेलो तर चालेल का?
(एक आई, नाशिक)

उत्तर : चालेल, पण दोन मोठी माणसं हवीत, एक मोठीसाठी आणि एक धाकट्यासाठी. धाकटा रडला की मोठीलाही उठावं लागणार असेल तर तिच्या पहिल्या नाटकाची सगळी गंमत जाते, आणि तो राग ती भावावर काढते. काही नाट्यगृहांत मागे काच लावलेली क्राय रूम असते, तिथून स्टेज दिसतं आणि बाळाचा आवाज बाहेर जात नाही, तुमच्या थिएटरात आहे का आणि त्या दिवशी उघडी असेल का ते बुकिंगवरच विचारून घ्या. धाकट्याचं तिकीट लागतं का तेही तिथेच विचारा, वयाचा नियम प्रत्येक ठिकाणी वेगळा असतो. दोन माणसं जमत नसतील तर शेजारच्या एखाद्या ताईकडे धाकट्याला तीन तास सोपवा आणि तुम्ही दोघीच जा. मोठीला बऱ्याच दिवसांनी आई एकटीला मिळेल.